शेषरावमामांना पुट्टी चालत नाही

माझ्या नणंदेच्या लग्नात शेषरावमामांनी नवरीचा चेहरा जवळून न्याहाळला आणि भर मांडवात मोठ्यानं म्हणाले, "पुट्टी लय भरलीय की हो!" पार्लरवाली शेजारीच उभी होती. मामांना आमंत्रण मी दिलेलं, त्यामुळे सासूबाई पुढं कितीतरी दिवस माझ्यावरच फुगून होत्या.

मामा माझे सख्खे नव्हेत. सेलूत माझ्या शिलाईच्या दुकानाला त्यांची शेड लागून आहे, एवढंच नातं. मामा डेंटर. ज्या जुन्या अँबॅसिडरचे आणि जिपांचे पत्रे आता कुठंच मिळत नाहीत, त्यांचा सडलेला भाग कापायचा आणि तिथं हातानं घडवलेला नवा पत्रा बसवायचा, हे त्यांचं काम. बाकीचे लोक खड्ड्यात पुट्टी भरतात, वरून रंग मारतात आणि मोकळे होतात. मामांच्या शेडमध्ये पुट्टीचा डबा शोधून सापडायचा नाही. "पुट्टी म्हंजी खोटं बोलनं," ते म्हणायचे. "पत्रा पत्र्यानंच भरायचा."

बरं, हा नियम गाड्यांपुरता असता तर ठीक. चौकात एखाद्या पुढाऱ्याचं भाषण रंगलं की मामा मान हलवत परत यायचे. "आत पत्राच न्हाई. नुसती पुट्टी." मी फुग्याच्या बाहीत कडक कापड घालताना दिसले, तर लगेच, "तूबी भरायलीस का?" त्यांना खाकी कागद मात्र माझाच लागायचा. पत्रा कापण्याआधी तो कागद गाडीच्या अंगाला लावून ते बेतायचे. बेतणं दोघांचं सारखंच, फक्त माझं गिऱ्हाईक नीट उभं राहत नाही.

पत्रा ठोकायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून हातोडी मारायची, दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळा जरा ढिला पडला की पत्रा वाळत घातलेल्या पापडासारखा वाकडातिकडा होतो. तो ठोकळा धरायच्या गयामामी, म्हणजे मामांची बायको. मामी गाडीच्या आत, मामा बाहेर, आणि पत्र्याच्या आरपार भांडण.

"वर धर."

"वरच धरलंय की!"

"ह्याला वर म्हनत्यात?"

"मंग या तुमीच आत!"

दिवसभर हे ऐकत मी ब्लाउज शिवायची. कधी कधी वैताग यायचा. पण मागच्या वर्षी मामींना लकवा झाला, शेड मुकी झाली, आणि त्या शांततेत माझं शिवणात लक्ष लागेना.

मामींची उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. परभणीचे डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, नाहीतर हात कायमचा जाईल. दाबायला चेंडू आणून दिला, तो त्यांनी खाटेखाली टाकला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. जेवणसुद्धा नको म्हणायला लागल्या. ठोकळा धरायला दुसरा माणूस ठेवा, असं सगळ्यांनी मामांना सांगून पाहिलं. "तिच्या जागी?" असं म्हणून ते उठून जायचे.

मग जिंतूरच्या एका मास्तरांची अँबॅसिडर आली. दारांचे खालचे पत्रे गंजून चाळण झालेले. मामांनी नवा पत्रा घडवून एका दाराला जोडला. मग मागच्या सीटवर गादी घातली, मामींना उचलून आत बसवलं, ठोकळा त्यांच्या उजव्या हातात दिला आणि त्यावर त्यांचाच डावा हात ठेवला.

"धर."

मामींनी धरला. तो सारखा निसटत होता आणि मामा काहीही न बोलता ठोकत होते. त्या दिवशी मामी दोन घास जास्त जेवल्या. दार मात्र पार बिघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मामींचा डोळा लागल्यावर, मामा माझ्या दुकानात आले. "पोरी, रंगवाल्याकडनं पुट्टीचा डबा आनून दे. मला मागायची लाज वाटायलीय."

मला वाटलं, चेष्टा करतात. "अहो, ठोकून सरळ करा की!"

"घर शेडच्या मागंच हाय. हातोडीचा आवाज तिला कळंल. परत ठोकलं म्हनल्यावर ती पुन्यांदा ठोकळा धरंल का?" मग घाईनं म्हणाले, "मास्तरला सांगितलंय मी फोन करून. त्यो म्हनला, चालतंय."

मी डबा आणून दिला. एवढा मोठा कारागीर, पण पुट्टी लावायची सवय नाही. हातावर, सदऱ्यावर, मिशीला सगळीकडं लावून घेतली. मला हसूही आलं आणि रडूही.

संध्याकाळी मामींना खुर्चीत बसवून दारापाशी आणलं. त्यांनी डावा हात दारावरून सावकाश फिरवला. वरचा पत्रा गार, खालचा पुट्टीचा भाग गुळगुळीत आणि कोमट. हात तिथं थांबला. इतकी वर्षं पत्र्याला हात लावलेल्या बाईला काय कळायचं राहणार?

"सरळ... आलं?" मामींनी विचारलं.

"एक नंबर," मामा दुसरीकडं बघत म्हणाले.

मामींनी त्यांच्या मिशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी लुळा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतला, बोटं उघडून तळवा वर केला.

"दुसरं दार... आना," त्या म्हणाल्या. "आता... नीट धरते."