जुन्या सिस्टीमसाठी अर्धा पेला चहा

कंप्युटरची नवी सिस्टीम उतरवून जुनी चढवायची असेल तर मला बोलवा! आख्ख्या नारीन गावात हे काम माझ्याइतकं कुणाला कळत नाही. लागतं काय? एक जाणकार माणूस आणि एक किटली. त्यातली किटली मी सांभाळते.

झालं असं, की आमच्या सूनबाईनं, जिपारनं, घरच्या कंप्युटरवर नवीकोरी सिस्टीम घालून घेतली. "आई, आता बघा कसा पळतो!" कंप्युटर पळाला हो, पण माझं भरतकामाचं मशीन ठप्प! चौदा वर्षांचं ते मशीन, त्याचं गूळपीठ जुन्या सिस्टीमशी. नवी त्याला ओळखच दाखवेना. श्रीमंताघरी पडलेली पोर माहेरच्या घोडीला ओळखत नाही, तशी!

आणि शुक्रवारी माझ्या नातीचं, बेगायिमचं लग्न! नवरीला बसायचं ते आजीनं भरलेल्या पडद्याआड. त्यावर नक्षी म्हणून मेंढ्याची बारा शिंगं भरायची, भरून झालेली आठ. विहीण कुलुयपा, नवऱ्यामुलाची आई, टपलेलीच! "जमत नसेल तर सांगा हो, बाजारात तयार मिळतो."

बाजारातला! माझ्या नातीला! मेल्यावरसुद्धा उठून बसले असते मी!

बुधवारी जूमार्तला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, कंप्युटर दुरुस्तीत हुशार, पण रीतभातीला काटेकोर. त्यानं नवी सिस्टीम पुसली, जुनी चढवायला घेतली. कंप्युटरच्या पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली.

चहा ओतायचं काम खरं सुनेचं. पण मी तिच्यावर रुसलेली, म्हणून किटली माझ्या हातात. माझा एक डोळा पट्टीवर, दुसराही पट्टीवर! एक्केचाळीस... बेचाळीस...

एकदम जूमार्त उठला. निघतानाच्या रीतीपुरता रोटीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "येतो आजी."

"अरे, काम अर्धं आहे!"

"तुमची इच्छा," म्हणाला आणि चालता झाला!

जिपारनं कपाळावर हात मारला. "आई! पेला काठोकाठ भरलात की!"

बघितलं तर खरंच! आता आमच्याकडे अर्धा पेला म्हणजे बसा, आणखी घ्या. आणि काठोकाठ म्हणजे प्या आणि निघा! पट्टी तिथंच थबकलेली, खाली काहीतरी प्रश्न. हो म्हणायचं की नाही, कुणाला ठाऊक?

"फोन लाव!"

"उचलत नाहीत."

"मग पळ!"

"माझी चप्पल..."

तिची चप्पल सापडेपर्यंत मीच पळाले! एका हातात किटली, दुसऱ्यात पेला. वाटेत एक घोडा मागे टाकला. बरं, घोडा बांधलेला होता. पण तोंड माझ्याच दिशेला होतं! जूमार्त मिनीबसमध्ये बसलेला. मी आत शिरले आणि सगळ्यांसमोर त्याच्या पेल्यात चहा ओतला, तीन थेंब!

एक म्हातारा वाकून म्हणाला, "अहो, तळ दिसतोय!"

"जितका चहा कमी तितका मान मोठा, तो दिसतोय!" मी म्हटलं. "जूमार्त, चूक माझी. माझ्या नातीसाठी चल रे!"

ड्रायव्हर ओरडला, "एक तर उतरा, नाहीतर मलाही ओता!"

सगळी बस हसली, जूमार्तही हसला. उतरला!

घरी आल्यावर मी किटली सुनेला देऊन टाकली. एकवीस पेले प्याला तो, सगळे अर्धे. मध्ये चारदा परसाकडे गेला. आणि शेवटी मशीन खडखडलं! काय सांगू, जावयाच्या घोरण्यापेक्षा गोड आवाज!

अकरावं शिंग भरत होतं तेवढ्यात विहीण दारात! "ऐकलं ते खरं का? तुम्ही पाहुण्याला हाकललंत, मग किटली घेऊन मारायला धावलात?"

मी आधी बाराव्या शिंगाचा शेवटचा टाका पडू दिला. पडदा झटकून तिच्यापुढे धरला. तिनं उलटून बघितला, पालटून बघितला, सुरकुती शोधली, सुटा धागा शोधला. काही म्हणजे काही मिळालं नाही!

"बरा आहे," ती पुटपुटली.

जिंकले! मग हौसेनं सुनेच्या हातून किटली घेतली, आणि विहीणबाईंचा पेला भरला. काठोकाठ! या वेळी डोळे उघडे ठेवून!

तिनं शांतपणे अर्धा चहा किटलीत परत ओतला, अर्धा राहिलेला पेला मला दिसेल असा ठेवला आणि मांडी घातली. "विहीणबाई, तुमची नजर अधू झालीय हो. रात्री जेवायला काय आहे?"