आत्याला गार जागी ठेवा

"आत्या आली का?" धाकट्या सुनेने फोनवर विचारलं, आणि सगळा घोळ तिथेच सुरू झाला.

ती स्टेशनबाहेर पारख्यांची वाट बघत उभी होती. पारखी म्हणजे शहरातल्या एका बड्या हॉटेलसाठी वाइन निवडणारे गृहस्थ. आज ते डोंगरावरच्या मळ्यात जेवायला येणार होते, म्हणजे खरं तर चाखायला. मळ्यातल्या द्राक्षांच्या जातींची खरी नावं इतकी लांबलचक होती, की घरात ती घ्यायला कोणाला वेळ नसे. काळं, गुबगुबीत, सगळ्यांशी जमवून घेणारं द्राक्ष म्हणजे मामा. आणि सगळ्यांत वरच्या दगडाळ पट्ट्यातलं, जाड सालीचं, पांढरं द्राक्ष म्हणजे आत्या. ते तोंडात टाकलं की सासऱ्यांना हटकून आपली थोरली बहीण आठवायची. ही गोष्ट खऱ्या आत्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून सगळं घर तेवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपत होतं.

आज आत्याचा निकाल होता. सासऱ्यांनी सकाळी चहा घेताना सगळ्यांसमोर बजावलं होतं, "पारख्यांना पसंत पडली तर ठेवू. नाही पडली तर आत्या उपटायची. दहा माणसं सांगून ठेवलीत मी." आत्याची वाइन सुनेने तीन वर्षं खपून केली होती. तो चढ चढायला घरात दुसरं कोणी तयार नव्हतं. तिचा सगळा जीव त्या पट्ट्यात अडकला होता.

फोनवर होते नवे आचारी. चारच दिवसांपूर्वी आलेले. त्याआधी तीस वर्षं त्यांनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काढली होती. कोणाला काय द्यायचं, किती गरम, कशाशिवाय, हे सांगतील तसं करायचं आणि 'का' म्हणून विचारायचं नाही, ही त्यांची शिस्त.

"आल्या की," आचारी म्हणाले. "दारातच उभ्या आहेत."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. खऱ्या आत्या, कोणाला न कळवता, त्याच क्षणी पिशवी घेऊन दारात उतरल्या होत्या. सून विचारत होती ती बाटल्यांची पेटी. तिच्या नवऱ्याने ती वरच्या कोठारातून आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली होती आणि तो तोडणीला पळाला होता.

"दारात? अहो आचारीकाका, ऊन लागेल तिला! आधी तळघरात न्या. गार जागी ठेवा. आडवी करू नका, उभीच राहू दे. आणि फार हलवू नका, गाळ वर येतो."

सासरच्या आत्याबद्दल इतकं एकेरी बोलणं आचाऱ्यांना खटकलं. तरी त्यांनी वही काढून सगळं उतरवलं. 'गाळ' या शब्दापुढे त्यांनी कंसात 'कफ' लिहिलं.

"आणि खायला?"

"आत्याबरोबर फक्त वाफवलेली मासळी. मिरी नको, मिरची तर नकोच. तिखट असलं की आत्या भडकते. आणि हे बघा, पाहुण्यांच्या आधी कोणी तिला तोंड लावायचं नाही."

"मी कशाला तोंडी लागतोय," आचारी म्हणाले.

"मामाला मात्र आत्ताच उघडा. मोकळी हवा लागू दे."

फोन ठेवून आचारी व्हरांड्यात गेले. सासूबाईंचे भाऊ, म्हणजे घरातले खरे मामा, तिथे आरामखुर्चीत घोरत होते. आचाऱ्यांनी हलक्या हाताने त्यांच्या सदऱ्याची सगळी बटणं सोडली. मग ते आत्यांकडे वळले.

"तळघरात? मी?" आत्या म्हणाल्या.

"सूनबाईंचा हुकूम आहे. पारखी येणार आहेत, त्यांनी बघेपर्यंत."

"बहात्तराव्या वर्षी मला बघायला?"

आचारी आधी काही बोलायला तयार नव्हते, पण त्यांना दया आली. "पसंत पडलात तर ठेवणार आहेत," ते हळूच म्हणाले. "नाहीतर उपटणार. दहा माणसं लागतील म्हणे."

सून पारख्यांना घेऊन पोचली तेव्हा साडेबारा वाजले होते. व्हरांड्यात मामा उघड्या छातीने घोरत हवा खात होते. तिला वाटलं, उकडत असेल. पारख्यांना सासऱ्यांजवळ बसवून ती स्वयंपाकघरात धावली.

"आत्या गार झाली?"

"पार गारठल्यात," आचारी म्हणाले. "पण उभ्या राहत नाहीत, पिंपावर बसल्यात. आणि मिरी न घालताच भडकल्यात."

सुनेने फळीवरच्या पेटीकडे पाहिलं. पेटीत एक बाटली कमी होती. मग तिने आचाऱ्यांकडे पाहिलं, आणि तळघरात खऱ्या आत्याच आहेत हे तिच्या ध्यानात आलं. तळघराच्या पायऱ्या ती दोन-दोन करून उतरली. आत्या रिकामं पोतं अंगाभोवती गुंडाळून बसल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "उपटायला आलीस का?"

माफी मागत, हात चोळत तिने आत्यांना वर आणलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आचाऱ्यांनी हाताला लागली ती बाटली टेबलावर नेली होती आणि पारख्यांनी आत्याचा पहिला घोट घेतला होता. बर्फ नाही, गारवा नाही, चुलीशेजारच्या फळीवरून थेट ग्लासात. सून दाराला धरून उभी राहिली.

पारख्यांनी मासळीचा घास घेतला. परत घोट घेतला. मग ग्लास उजेडाकडे धरला.

"ही गार का नाही केली?"

"चूक झाली," सून पुटपुटली.

"अशीच चूक करत जा. या जातीला सगळे गोठवून मारतात, मग उरतो नुसता आंबटपणा. हिला जरा ऊब मिळाली की कशी मोकळी बोलते बघा! असेल तेवढी सगळी मला द्या."

सुनेने असा काही श्वास सोडला, की व्हरांड्यातले मामा जागे झाले. ती जवळच्या खुर्चीत मटकन बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"नाव काय या द्राक्षाचं?" पारख्यांनी विचारलं.

सासरे मासळीचे काटे काढण्यात गढून गेले. सासूबाईंना अचानक ठसका लागला. आचारी मात्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस. "आत्या," ते म्हणाले.

आत्यांनी सावकाश भावाकडे मान वळवली. "माझं नाव? का रे?"

"म्हणजे... साल जाड असते ना," सासरे म्हणाले. "कणखर, अशा अर्थाने."

आत्यांनी ग्लास ओढून घेतला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं, थोडं थांबल्या आणि आणखी एक घेतला.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "आणि हिला तू उपटणार होतास?"

"आता नाही उपटत, अक्का."

"तू कोण उपटणारा? तो वरचा पट्टा बाबांनी माझ्या नावावर ठेवलाय. तू कागद कधी नीट वाचले नाहीस, आणि मीही बोलले नाही. ही पोर एकटी तिथे राबते म्हणून आज तो हिच्या नावावर करायला आले, तर हिने मला तळघरात घातलं."

 मग सुनेला हसू फुटलं. ती तोंडावर पदर धरून हसत सुटली, आणि हसता हसता तिला रडूही आलं.

"दात काढू नकोस," आत्या म्हणाल्या. "अजून सही व्हायची आहे. आधी ती बाटली इकडे सरकव."