डांगराची पहिली चीर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रविंद्रभाऊंनी शब्द दिला, आणि खान्देशात आखाजीला दिलेला शब्द पुढच्या आखाजीपर्यंत मोडता येत नाही. शब्द असा की, चोपड्याकडचा त्यांचा शाळासोबती आधार याने कपाशी आणि फवारणी सोडून भाजी लावावी, आणि शेतात जे पिकेल ते भाऊंच्या जळगावच्या कॉलनीने वर्षभर मुकाट्याने खावे. आदल्या हंगामात फवारता फवारता आधार वावरातच कोसळला होता. दवाखान्यात बाकावर बसलेली त्याची बायको द्रौपदाबाई भाऊंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. म्हणून त्यांनी घरोघर जाऊन या भाजीचे सभासद जमवले. शेजारचे धान्याचे व्यापारी प्रकाशचंदजी भाकड गायी सांभाळणाऱ्या पांजरपोळीचे विश्वस्त होते. त्यांच्याकरवी आधारला तिथले शेणखतही मिळवून दिले.

दिवाळीपर्यंत सगळे सुरळीत चालले. गिलकी आली, चवळीच्या शेंगा आल्या, कॉलनीत एकमेकांच्या चेहऱ्यावरचे तेज बघण्याची टूम निघाली. मग परतीच्या पावसाने कोवळे होते ते सगळे सडवले. वाचले ते फक्त डांगर, म्हणजे लाल भोपळा. दर सोमवारी सकाळी टेम्पो यायचा आणि दारोदार तान्ह्या बाळाएवढे एकेक डांगर ठेवून जायचा.

आता अख्ख्या डांगराला बाईमाणसाने पहिली चीर देऊ नये, असा आपल्याकडे रिवाज. टेम्पो येईपर्यंत कॉलनीतले पुरुष नोकरी-दुकानाला गेलेले असायचे. घरी सापडणारा पुरुष एकच, सेवानिवृत्त रविंद्रभाऊ.

"काका, चीर तेवढी देता का?" प्रकाशचंदजींची सून विधी पहिल्यांदा आली. "मी काही मानत नाही हो. पण मम्मीजी मानतात, आणि घरात राहायचं आहे मला."

भाऊंनी चीर दिली. तिच्यामागून पलीकडच्या रूपाताई आल्या, मग सगळी गल्लीच आली. चिरलेले डांगर टिकत नाही आणि एका घरात संपतही नाही. त्यामुळे संध्याकाळी प्रत्येकीने भाऊंचे आभार मानायला म्हणून एकेक फोड पाठवली. दर सोमवारी भाऊंच्या घरात डांगराचा बाजार भरू लागला.

"फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा नाही," त्यांच्या पत्नी लताबाई म्हणाल्या. "नाही म्हणता येत नाही का तुम्हाला?"

"कोणत्या तोंडाने म्हणू? मीच तर बनवलंय सगळ्यांना सभासद."

लताबाईंनी भाजी केली, घाऱ्या केल्या, थालीपीठ केले. चौथ्या आठवड्यात त्यांनी ते कुणाला न सांगता वरणात घातले. त्या रात्री भाऊ ताटावरून उठले, आणि पहाटे दोन पिशव्या स्कूटरला लावून पांजरपोळीकडे निघाले.

फाटकाशी प्रकाशचंदजी उभे होते. त्यांच्याही हातात पिशवी होती आणि पिशवीतून पिवळे काही डोकावत होते.

"गोसेवा," प्रकाशचंदजी गंभीरपणे म्हणाले.

"गोसेवा," भाऊही म्हणाले.

तेवढ्यात रूपाताईंचे यजमान पिशवी घेऊन आले, दोघांना बघून थबकले आणि नमस्कार करून आत गेले. पुढे सगळ्यांनी आपापली वेळ ठरवून घेतली, म्हणजे कुणी कुणाला भेटायला नको. सभासदांच्या ग्रुपवर मात्र दर सोमवारी 'डांगर फार गोड होतं' असे प्रत्येकजण लिहायचा, आणि आधार शेतातून हात जोडलेले चित्र पाठवायचा. त्या जोडलेल्या हातांकडे बघणे भाऊंना जड जायचे.

वर्ष सरले, आखाजी आली. पुढच्या सालाचे ठरवायला सगळे सभासद आधारच्या शेतावर जमले. निम्म्यांनी येताना गाडीतच सांगून टाकले होते की आता पुरे. सभासद तुटले की आधार कपाशी लावणार आणि पाठीवर पुन्हा फवारणीचा पंप चढणार, हे भाऊंना दिसत होते.

आधार मात्र खुशीत होता. "या भाऊ, एक नवल दखाडस."

बांध ओलांडला आणि सगळे जागीच थांबले. भेंडीत डांगराचे वेल, मिरचीत डांगराचे वेल, विहिरीच्या काठावरही डांगरच.

"बी मी लायंच नही," आधार म्हणाला. "पांजरपोळनं नवं खत टाकं नि बठ्ठीकडे डांगर उगनं. मी उपडी टाकनार व्हतू. पण द्रौपदा बोलनी, त्या लोकेसले डांगर भलतं आवडस, राहू दे."

 प्रकाशचंदजी चपलेचा अंगठा निरखू लागले.

"आते तुम्हीच सांगा भाऊ. वेल ठेवू का उपडू? नि पुढला साल भाजी, का कपाशी?"

"आधार, अरे, ते डांगर..." भाऊंनी सुरुवात केली. प्रकाशचंदजींना एकदम खोकला आला. भाऊंनी आधारकडे पाहिले. वर्षभरात त्याच्या गालावर मांस चढले होते. द्रौपदाबाई त्याच्यामागे उभ्या होत्या.

"...फार गोड होतं," भाऊ म्हणाले. "ठेव सगळे वेल. आणि पुढल्या साली भाजीच."

त्यावर नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते. एकेक हात वर झाला, प्रकाशचंदजींचा सगळ्यात आधी.

द्रौपदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आत गेल्या आणि त्यातल्या त्यात मोठे डांगर आणि सुरी घेऊन आल्या. "पहिली चीर तुम्हीच द्या भाऊ."

भाऊंनी बाह्या सरसावल्या. सवयीचा हात, चीर मधोमध गेली. फोडी वाटायच्या आधी लताबाई पुढे झाल्या आणि एकूण एक बी काढून त्यांनी पदरात बांधली.

"बिया कशाला गं?" भाऊंनी हळूच विचारले.

"गायींना डांगर घालायचं तर यापुढे अशा बिया काढून घालायचं," लताबाईही तशाच हळूच म्हणाल्या. "सगळ्यांना सांगा."