समितीनं पाहिलेली दारं

विधिमंडळाची समिती गुरुवारी कोल्हापुरात येणार, तुरुंग पाहणार, पोलीस ठाणी पाहणार आणि वेळ उरला तर मुलींचं बालगृहही पाहणार, असा निरोप आला तेव्हा बालगृहाच्या अधीक्षिका शालन कांबळे यांना मनापासून आनंद झाला. समिती येणार म्हणून आनंद झालेला सरकारी नोकर जिल्हा कार्यालयातल्या इंगवले साहेबांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी फोनवर काळजीनं विचारलं, "मॅडम, तब्येत बरी हाय न्हवं?"

तब्येत बरी होती. बाथरूमला दारं नव्हती.

मुलींच्या बाजूला ओळीनं तीन खोल्या होत्या, दोन न्हाण्या आणि एक संडास. तिन्हींची दारं खालून कुजली म्हणून बांधकाम खात्याची माणसं ती दुरुस्तीला घेऊन गेली, ती गेलीच. नव्या दारांचा प्रस्ताव कोल्हापुराहून पुण्याला गेला, पुण्याहून मुंबईला गेला आणि मुंबईहून एक प्रश्न घेऊन परत आला: इतकी वर्षं दारांवाचून भागलं असेल, तर आताच दारांची निकड कशी काय निर्माण झाली? शालननं चिडून स्वतःच्या पदराला खार लावून प्लायवूडची दारं बसवली. तपासणीला आलेल्या साहेबांनी 'सरकारी इमारतीत विनापरवाना फेरबदल' असा शेरा मारून ती आपल्या डोळ्यांदेखत उतरवायला लावली. हे सगळं १९९८ सालच्या या दौऱ्याआधीच्या चार-पाच वर्षांत झालं, आणि या काळात मुली कशा अंघोळ करत होत्या हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही.

एकीनं अंघोळ करायची आणि दोघींनी दारात चादर धरून उभं राहायचं, अशी त्यांची पद्धत होती. वारं सुटलं की चादर उडायची. यल्लव्वा म्हणून अकरा वर्षांची एक पोर होती, कबनूरला यंत्रमागांच्या शेडजवळ एकटी सापडलेली. तिचा चादरीवर विश्वास नव्हता. ती परकर-पोलक्यासकट अंगावर पाणी घ्यायची आणि तशीच ओली वर्गात जाऊन बसायची. तिला खोकला झाला, औषध झालं, पुन्हा खोकला झाला. शालनला तो खोकला रात्री आपल्या क्वार्टरमध्ये ऐकू यायचा आणि तिला स्वतःच्या पदाची लाज वाटायची. अधीक्षिका म्हणवून घ्यायचं आणि एका पोरीला एक दार देता येऊ नये, याला काय म्हणायचं?

म्हणून तिला समिती हवी होती. खात्याला जाब विचारणारं कुणी असेल तर ते आमदारच. इंगवले साहेबांनी सूचना दिल्या की नवीन चादरी घाला, रांगोळी काढा, स्वागतगीत बसवा आणि न्हाण्यांच्या बाजूला मांडवाचं कापड लावा. शालननं बाकी सगळं ऐकलं आणि कापडाला नकार दिला. काळजीवाहक बायडाबाईंनाही तिनं बजावून ठेवलं की समिती आली की आधी न्हाण्यांकडं न्यायची.

गुरुवार उजाडला. मुली स्वागतगीत म्हणून म्हणून दमल्या, रांगोळीवरून दोनदा मांजर गेलं, समितीचा पत्ता नाही. दुपारी इंगवले साहेबांचा फोन आला. तुरुंग बघून झाला होता. समितीची मंडळी अंबाबाईचं दर्शन घेऊन, कोल्हापुरी चपला खरेदी करून पन्हाळ्याला गेली होती.

"मग इकडं कधी येणार?" शालननं विचारलं.

"आता कुठलं येत्यात मॅडम. भेट झाली असं समजायचं. कागदावर मी बघतो."

ही समिती गेली की पुढची कधी येईल, ते देवालाही ठाऊक नव्हतं. तिनं पर्स उचलली, बायडाबाईंवर बालगृह सोपवलं आणि फाटकाबाहेरच्या पिराजीच्या रिक्षात जाऊन बसली. पन्हाळा म्हटल्यावर पिराजीनं एकदा रिक्षाकडं आणि एकदा मॅडमकडं पाहिलं. घाट चढताना रिक्षा इतकी कण्हत होती, की शालन दोनदा उतरून चालली.

पन्हाळ्यावर झुणका-भाकरीवाल्या बाईनं समितीला जेवू घातलं होतं आणि मंडळी नुकतीच तिथून हलली होती. कुठं गेली, हेही तिला माहीत होतं. पण दाराशी आलेल्या बाईमाणसाला उपाशी वाटेला लावणं तिच्या रक्तात नव्हतं. आधी बस, भाकरी खा, मग सांगते, असा तिचा हट्ट. शालननं कशीबशी भाकरी संपवली, तेव्हा कुठं कळलं की समिती खाली रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावर गेली आहे.

जानेवारी असल्यानं गुऱ्हाळ जोरात होतं. समिती तिथूनही गेली होती. गुऱ्हाळमालकानं उसाचा रस दिला, काकवी दिली, गरम गुळाचा खडा हातावर ठेवला आणि रस संपेपर्यंत पाहुणचाराच्या गप्पा मारल्या. पिराजीनं तेवढ्यात तीन पेले रिचवले. त्याला हा पाठलाग एकंदर आवडू लागला होता. "मॅडम," तो म्हणाला, "सरकार सापडंना झालंय, पर वाट लई झ्याक हाय."

गुऱ्हाळावरून समिती गेली होती एका पुढाऱ्याच्या मळ्यात, मटणाला. शालन पोचली तेव्हा मळ्यात उष्ट्या पत्रावळी गोळा चालल्या होत्या आणि गाड्यांच्या जागी नुसती धूळ होती. मिशीवर हात फिरवत पुढारी सामोरा आला. आपल्या घरी कोण आलंय, का आलंय, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. आलंय ते जेवून जाणार, एवढंच त्याला माहीत होतं.

"मला फक्त समिती कुठं गेली ते सांगा," शालन हात जोडून म्हणाली.

"सांगतो की. पांढरा रस्सा घ्या, मग सांगतो. समितीच्या मोठ्या सायबांनी तर वाटीवर वाटी वढली. तांबडाबी. मी म्हणलो बास करा, तर आयकायलाच तयार न्हाईत."

शालन पंगतीला बसली. पोटात भाकरी, काकवी आणि उसाचा रस यांची दाटी झाली होती. तिनं डोळ्यांत पाणी आणून दोन वाट्या रस्सा संपवला. पुढाऱ्याला ते पाणी तिखटाचं वाटलं. तो खूश झाला आणि म्हणाला, की मोठ्या साहेबांच्या पोटात जरा कालवाकालव झाली, म्हणून गाड्या घाईनं शहराकडं सुटल्या, आता विश्रामगृहावरच असतील.

विश्रामगृहावर दौऱ्यातलं कुणीही नव्हतं. तिथल्या खानसाम्यानं तिला चहा देऊ केला, तेव्हा मात्र शालन पायरीवर बसून रडली. दिवसभर सगळ्या जिल्ह्यानं तिला पोटभर खायला घातलं होतं, आणि तिला हवा होता तो आमदार काही कुणी वाढला नव्हता.

दिवेलागणीला ती बालगृहावर परतली. रांगोळी पार पुसली गेली होती. बायडाबाई फाटकातच उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा लग्नघरातल्या करवलीसारखा फुलला होता.

"मॅडम, आलती की समिती!"

मग बायडाबाईंनी सगळं सांगितलं. मोठ्या साहेबांना विश्रामगृहापर्यंत धीर धरवेना. पोलिसांच्या गाडीनं वायरलेसवर जवळची सोय विचारली, ते इंगवले साहेबांना कळलं आणि त्यांच्या डोक्यात वीज चमकली. बालगृह वाटेतच होतं. साहेबांची सोयही होईल आणि भेटही खरोखरीची होईल. त्यांनी बालगृहाला फोन करून संडास तयार ठेवायला सांगितलं.

"मी म्हणलो, मॅडमच्या क्वार्टरात न्हेतो," बायडाबाई म्हणाल्या. "तर इंगवले सायब वरडलं, भेट संस्थेला हाय, मॅडमच्या घराला न्हवं."

बायडाबाई गांगरल्या आणि पळत क्वार्टरमध्ये शालनच्या सासूबाईंकडं गेल्या. सासूबाईंनी प्रकरण क्षणात ओळखलं. पाहुणा दाराशी येतो आणि त्याला उघड्यावर बसवायचं, हे त्या हयात असेपर्यंत होणं शक्य नव्हतं. क्वार्टर आणि बालगृह एकाच कंत्राटदारानं एकाच मापात बांधलेलं. बिजागरीची खीळ वर ओढली की दार हातात. सासूबाईंनी आपल्या न्हाणीचं, संडासाचं आणि झोपायच्या खोलीचं अशी तिन्ही दारं उतरवली. मुलींनी ती डोक्यावरून वाहून आणली, चढवली, आणि बाहेर लाल दिव्याची गाडी वाजली.

"एकच दार पुरलं असतं की," शालन क्षीण आवाजात म्हणाली.

"एकाला लावायचं आन् दोन उघडी ठेवायची? ते बरं दिसतंय व्हय?"

मोठे साहेब तडक आत गेले. त्यांनी कडी लावली. बाकीची समिती, पोलीस आणि स्वागतगीताच्या तयारीतल्या मुली बराच वेळ अदबीनं बाहेर उभ्या राहिल्या. बाहेर आले तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की त्यांनी तिन्ही दारांवरून हात फिरवला, कड्या वाजवून पाहिल्या आणि विचारलं, इथं काही अडचण आहे का? बायडाबाई म्हणाल्या, काही नाही. पुढ्यात तीन दारं उभी असताना त्या तरी काय सांगणार?

मग साहेबांनी अधीक्षिका कुठं आहेत असं विचारलं.

"तुम्ही काय सांगितलं?" शालननं विचारलं.

"खरं तेच की. मॅडम पन्हाळ्याला गेल्यात."

हे ऐकून समितीतल्या एकूण एक सदस्याला संताप आला. कामाचा वार, कामाची वेळ आणि अधीक्षिका पन्हाळ्याला! एकांनी तर चपलांची पिशवी या हातातून त्या हातात घेत, अशानंच प्रशासनाचा बोजवारा उडतो, असं खेदानं म्हटलं.

पुढचं सगळं सरकारी वेगानं झालं, म्हणजे शालनच्या विरोधातलं होतं ते लगेच झालं. कामाच्या वेळेत सहलीला गेल्याबद्दल तिला नोटीस आली. समितीनं बालगृहाच्या स्वच्छतागृहांची दारं भक्कम आणि कड्या सुस्थितीत असल्याची नोंद केल्यामुळं दारांचा जुना प्रस्ताव कायमचा बंद झाला. शालननं दारं परत क्वार्टरला न्यायचं नाव काढताच इंगवले साहेबांनी कपाळाला हात लावला. विधिमंडळानं पाहिलेली दारं हलवायची म्हणजे हक्कभंग, आणि त्यात ते स्वतः अडकणार. पाठोपाठ बांधकाम खात्याचा माणूस येऊन क्वार्टर पाहून गेला आणि सरकारी मालकीची तीन दारं गहाळ झाल्याबद्दल तिच्याकडून खुलासा मागितला गेला. तिचे यजमान शिरोळच्या बाजूला साखर कारखान्यात होते. ते शनिवारी घरी आले, न्हाणीसमोर जरा वेळ उभे राहिले आणि अंघोळ न करताच परत गेले.

दोन्ही खुलासे एकत्र लिहायला शालन सकाळीच ऑफिसात बसली. खरं लिहावं तर कुणाला पटलं नसतं. तिनं चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. इतकी वर्षं झगडून हाती काय आलं, या विचारानं तिला पेन टाकून द्यावंसं वाटलं. तेवढ्यात बायडाबाई धावत आल्या. यल्लव्वा मघापासून न्हाणीत होती, पाण्याचा आवाज थांबून बराच वेळ झाला होता आणि बाहेर मुलींची रांग लागली होती.

शालन लिहिणं टाकून उठली. तिनं धावत जाऊन दार वाजवलं.

"यल्लव्वा, काय झालं ग?"

"काय न्हाय मॅडम."

"अंघोळ झाली?"

"कवाच झाली. कापडं बी घातली, कोरडी."

"मग आत काय करायलीस?"



"कडी लावून बसलोय," यल्लव्वा म्हणाली. "जरा बसू दे की."

शालन दाराला हात लावून उभी राहिली. रांगेतली एक मुलगी पुढं होऊन दार वाजवणार होती, तिचा हात शालननं धरला. शाळेला उशीर झाला तर गुरुजींना मी सांगते, असं ती मुलींना म्हणाली आणि तिथंच थांबली.