नावाड्यांचे दामूभाऊ

हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये कुणाकडे सत्यनारायण असला, की यजमानाला एकच काळजी असते: दामूभाऊ कुठे बसलेत? कारण चौथ्या अध्यायात व्यापाऱ्याची नाव बुडाली, की ते हात वर करतात.

"गुरुजी, नावाड्यायचं काय झालं?"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे आमचे शेजारी एरवी अगदी शांत. पण जावई बुडाला म्हणून सगळे हळहळतात आणि वल्ही मारणाऱ्यांची कुणी चौकशीही करत नाही, हे त्यांना सहन होत नाही. एका गुरुजींनी सांगितलं, त्यांना पोहता येत असेल. यांनी विचारलं, जावयाला येत नव्हतं? दुसरे गुरुजी तो अध्याय एका दमात वाचून टाकत. सातासमुद्रापार गेलेल्या राजपुत्राची गोष्ट कुणी पोरांना सांगत असलं, तरी हे कुंपणापलीकडून विचारणार, "नाव कोण चालवून राहिलं होतं गा?"

लोक हसत. मला मात्र कौतुक वाटे. जन्मभर ती कथा ऐकूनही त्या नावेत नावाडी असतील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे पूजा होती. गुरुजी तरुण, नवे. त्यांना यांची ख्याती ठाऊक नव्हती. नाव बुडाली, हात वर झाला. गुरुजींनी पोथीवर बोट ठेवलं आणि खरंच विचार केला.

"लेकीनं प्रसाद खाल्ल्यावर नाव वर येते ना, काका? मग रिकामी कशी येईल? नावाडीही आले. भिजले होते, पण सगळे आले."

दामूभाऊंनी हात खाली घेतला. पुढची कथा त्यांनी मान खाली घालून ऐकली.

मंडळी गेली तरी ते बसूनच होते. मग मला त्यांनी सांगितलं, की त्यांचा थोरला भाऊ गावाकडे वैनगंगेवर नाव चालवायचा. वैशाखात वऱ्हाड नेताना वादळ आलं, नाव उलटली. त्याने बऱ्याच जणांना काठाला लावलं; तो स्वतः सापडला नाही. नवरी कशी वाचली, दागिने कसे वाचले, हे गाव अजून सांगतं.

"माह्या भावाचं नाव कोणी घेत नाही गा."

मी नाव विचारलं. "किसन," ते म्हणाले. माझ्या बायकोने त्यांना प्रसादाचा द्रोण आणून दिला, तेव्हा त्यांनी दुसरा हात पुढे केला.

"सूनबाई, अजून एक दे वं. किसनदादाले शिरा लय आवडे."