सयाजीरावांची एकवीस जणांची यादी

पेठ वडगावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सयाजीराव भोपळे यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "गाइड लागणार न्हाय. मी हाय की."

कोल्हापुरातल्या एका जुन्या राजवाड्यानं गावोगावच्या मंडळांना आतली चित्रं फुकट दाखवायची सोय केली होती. सयाजीरावांनी अर्ज करून मंगळवारची अकराची वेळ मिळवली. तेव्हापासून इतिहासाचं पुस्तक छातीवर ठेवूनच ते झोपत होते. पुढच्या आठवड्यात मंडळाचा सेक्रेटरी निवडायचा होता, त्यामुळे सहल फसून चालणार नव्हती.

राजवाड्याला दोन दारं. उजवीकडे चित्रं, डावीकडे कार्यक्रमाला भाड्यानं मिळणारा हॉल. पाट्या वाचायची सयाजीरावांना गरज वाटली नाही, कारण डाव्या दारात फेटा बांधलेले एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "या पावणं, लई वाट बघायला लावलासा."

कोल्हापुरात रिक्षावालासुद्धा पावणंच म्हणतो. एकवीसच्या एकवीस जण आत शिरले.

आत अत्तर लावलं, कांदेपोहे आले, मागून बासुंदी आली.

"ह्येबी फुकट?" मंडळातल्या सगळ्यात थोरल्या शालूबाईंनी विचारलं.

"राजाचं घर हाय," सयाजीराव म्हणाले.

समोरच्या सोफ्यावर सूट घातलेला एक तरुण घाम पुसत बसला होता.

"आणि ह्यो कोण?"

पुस्तकात तो नव्हता. पण गप्प बसलं तर सेक्रेटरीपद गेलं. "आत्ताच्या पिढीतला," सयाजीरावांनी ठोकून दिलं.

शालूबाई उठून थेट त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. "काय करतोस रं बाळा?"

"कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर हाय, आजी."

"राजाचा असून?"

"मोठ्या घरातली पोरं बी आता नोकऱ्या करत्यात," सयाजीरावांनी सावरून घेतलं. शालूबाईंनी मग पगार विचारला, तंबाखूची चौकशी केली, दात दाखवायला लावले. पोरानं दाखवले.

इतक्यात फेटेवाले उदयसिंह जवळ सरकले. "मग, पसंत हाय का?"

अभिप्राय विचारतायत, असं समजून सयाजीराव म्हणाले, "एकदम पसंत. पुढच्या वर्षी आनखी एकवीस माणसं आणतो."

उदयसिंहांनी मनातल्या मनात पंगत मोजली. "बरं. मग यादी आजच करून टाकू?"

"करून आणलीया की." सयाजीरावांनी खिशातून मंडळाची यादी काढून दिली. नाव, वय, आधार नंबर.

उदयसिंह वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "एवढ्या समद्यांचा मानपान?"

"कुणाला वगळाय येत न्हाय. रुसत्यात."

तेवढ्यात दारातून दहा-बारा माणसं लंगडत आत आली. पुढे नेसरीचे कृष्णात देसाई होते. आपल्या लेकीसाठी मुलगा बघायला आलेले खरे पावणे हेच. उजव्या दारातल्या गाइड मुलीनं "ग्रुप का?" विचारलं, ह्यांनी "व्हय" म्हटलं, आणि दोन तास तिनं त्यांना चित्रं दाखवत फिरवलं. कुठं बसू दिलं नाही. मध्यस्थाचा फोन सकाळपासून बंद होता.

कोण कुणाचं, हे कळायला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत सयाजीरावांनी हातातली बासुंदीची वाटी तीनदा खाली ठेवली आणि तीनदा उचलली.

कृष्णातराव हात जोडून मुलाच्या वडलांना, उदयसिंहांना म्हणाले, "घराणं बगितलं. पर ही सोयरीक जमायची न्हाय. एवढ्या तलवारी, एवढी झुंबरं, चार तर वाघच हाईत भुसा भरलेले. आमच्या पोरीनं जन्मभर धूळच झाडत बसायची का?"

"अहो, त्यातलं काय बी आमचं न्हाय," उदयसिंह म्हणाले. "मंगळवार पेठंत तीन खोल्या हाईत."

कृष्णातरावांनी मोठा श्वास सोडला. "मग आधी सांगायचं की. पोरगा कसा हाय?"

"मी बगितलाय," शालूबाई म्हणाल्या. "दात चांगलं हाईत."

तासाभरात सुपारी फुटली. वडगावकरांना कुणी उठूच दिलं नाही, आणि संध्याकाळी उठले तेव्हा उजव्या दाराला कुलूप लागलं होतं. पुन्हा अर्ज करायचा तर पुढच्या वर्षी.

परतीच्या गाडीत सयाजीराव चालकाच्या बाजूला तोंड करून बसले. वडगावात उतरताच, गुडघ्यामुळे घरी राहिलेल्या विठाबाईंनी विचारलं, "काय काय बगितलं राजवाड्यात?"

सयाजीराव घसा खाकरत होते, तोवर शालूबाईंनी सांगून टाकलं, "पोरगा. निर्व्यसनी हाय."