मानसिंगरावांच्या गाडीचा धूर

आपली गाडी पीयूसीत पास होणं शक्यच नाही, याचा मानसिंगरावांना जबरदस्त अभिमान होता. गाडी पंधरा वर्षांची. पण सहा महिन्यांपूर्वी घणसोलीच्या मिथुन मेकॅनिकने तिला 'रेसिंग किट' बसवलं, आणि तेव्हापासून ती चालू झाली की गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. पळायची पूर्वीसारखीच, पण ताकद राखून ठेवते, असं मानसिंगराव सांगत.

आता साताऱ्याकडे गावी पुतण्याच्या घराची वास्तुशांत होती. हा पुतण्या शिवतेज भारी संशयी. काका, किट खरं असेल तर पीयूसीचे आकडेच बोलतील, कागद घेऊन या, असं त्याने फोनवर सुनावलं होतं. इकडे बायकोने, सत्यभामाबाईंनी, पीयूसीशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही असं बजावलेलं. म्हणजे पास तर व्हायला हवं, पण दणदणीत धूर सोडून!

दोघं महाप्याच्या पंपावर आले. पीयूसीवाला धर्मराज तिथलाच, गावठाणातला. गाडी राक्षस आहे, आकडा थोडा खाली घे, असं मानसिंगरावांनी त्याला आधीच कानात सांगून ठेवलं. धर्मराजने सायलेन्सरमध्ये नळी घातली. गाडी डरकाळ्या फोडत होती.

"काका, गाडी चालू करा ना."

"चालूच आहे की! ऐकू येत नाही का?"

"मशीन झीरो दाखवते. धूरच नाय."

नळी काढली, पुसली, पुन्हा घातली. झीरो. मागच्या रिक्षाला लावून पाहिली, तर आकडे भराभर आले. पुन्हा मानसिंगरावांच्या गाडीला लावली. झीरो! मानसिंगराव चक्रावले. किट इतकं पॉवरफुल असेल की धूरसुद्धा आतल्या आत जाळत असेल, असा खुलासा त्यांनी केला. धर्मराजने निमूटपणे बॉनेट उघडलं आणि आत हात ठेवला.

"काका, इंजिन कवाच बंद परलंय."

"मग हे ओरडतंय कोण?"

दोघांनी गाडीखाली वाकून पाहिलं. मागे पाहिलं. पुढे पाहिलं. आवाज काही थांबेना. शेवटी गाडीत बसलेल्या सत्यभामाबाईंनी काच खाली केली.

"डिकीत बघा. स्टेपनीखाली."

स्टेपनीखाली स्पीकर होता. किल्ली फिरली की तो डरकाळ्या फोडायला लागायचा. 'रेसिंग किट' ते एवढंच.

"मीच सांगितलं मिथुनला," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमाला कुठं पळवायची होती? आवाजच पायजे होता नव्हं? घाटात काय बरंवाईट झालं असतं, तर मी कुणाकडं बघायचं?"

यावर चिडावं की विरघळावं, हे मानसिंगरावांना कळेना. त्यांनी स्पीकरची वायर काढली आणि गाडी चालू केली. ती शिलाई मशीनसारखी नाजूक कुरकुरली. धर्मराजने पुन्हा नळी घातली, प्रिंट काढली आणि कागद कौतुकाने हातात दिला.

"एक नंबर, काका! नवीन गारीचा पन एवरा कमी येत नाय."

मानसिंगरावांनी कागद वाचला. डोळ्यांसमोर शिवतेज उभा राहिला. बायको बघत नाही याची खात्री करून ते धर्मराजच्या अगदी जवळ सरकले.

"बाबा रे," ते हळूच म्हणाले, "जरा काठावर पास करता येईल का?"